ताईची गोळी

माझ्या नवऱ्याच्या हृदयाचा एक व्हॉल्व्ह जन्मापासून अधू आहे, तीन पाकळ्यांच्या जागी दोनच. एरवी धडधाकट माणूस. शाळेत गणित शिकवतो. पण दोन महिने झाले, रोज संध्याकाळी त्याला बारीक ताप येतो, घामाने सदरा भिजतो आणि पँट पट्ट्याने आवळावी लागते.

औषधाला मात्र तोटा नाही. खालच्या मजल्यावर माझ्या नणंदेचं औषधांचं दुकान आहे. ताप आला की ताई गोळ्यांची पट्टी घेऊन जिना चढतात. ताप पळतो आणि आठवड्याने परत हजर, हक्काच्या पाहुण्यासारखा.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना संशय होता की व्हॉल्व्हवर जंतूंनी ठाण मांडलंय. कुठले जंतू ते रक्ताच्या तपासणीत कळलं तरच नेमकं औषध देता येणार. दोनदा तपासणीला रक्त दिलं, दोन्ही वेळा प्रयोगशाळेत त्यातून जंतू काही वाढले नाहीत.

"तपासणीआधी अँटिबायोटिक घेतलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"छे," नवरा म्हणाला. "ताईने दिलेली गोळी तेवढी."

बाईंनी कपाळाला हात लावला. मी त्याच्याकडे बघितलं. गणिताचा मास्तर!

"अगं, ताई म्हणाली, तपासणीला तापलेला गेलास तर दवाखान्यात ठेवूनच घेतील."

"होतो तरी किती जणांना हा आजार?" मी बाईंना विचारलं. "देशभरात?"

"पुस्तकात 'क्वचित' लिहिलंय. आपल्याकडे नीट मोजलंय कुणी? निम्मे असेच गोळ्या खाऊन येतात. रक्तात काही सापडत नाही, मग साधा ताप म्हणायचं. जातात तेही साधा ताप म्हणूनच."

"जातात म्हणजे?"

"चांगला इलाज करूनही चार-पाचांत एखादा हाती लागत नाही. इलाजच नाही केला, तर क्वचितच कुणी वाचतं."

आता काही दिवस गोळी बंद, मग पुन्हा रक्त. या दिवसांत जंतूंचा गोळा सुटून मेंदूत जाऊ शकतो, हेही बाईंनी सांगून ठेवलं. मग काय, लकव्याची खूण नाही ना हे बघायला मी त्याला सारखी दोन्ही हात वर करायला लावायची, हसून दाखव म्हणायची. आमची तीन वर्षांची लेकही समोर उभी राहून हात वर करायची.

ताई दारात उभ्या. "पोरगा फणफणलाय आणि तू कवायत करून घेतेस?"

"गोळी नाही द्यायची, ताई."

"दुकान मी चालवते का तू?"

"दुकान तुमचं, नवरा माझा."

"भाऊ आधी माझा!"

"वाटून घ्या," पांघरुणातून आवाज आला. "तसाही अर्धाच उरलोय."

ताई पाय आपटत खाली गेल्या. मी स्वयंपाकघरात भांड्यांवर राग काढला. कॉलेजात शिकले त्यातलं काही म्हणजे काही इथे कामाचं नव्हतं.

रक्त द्यायच्या आदल्या दुपारी ताई पुन्हा आल्या. मी कंबर कसून दार अडवलं.

"सर बाजूला. हात रिकामे आहेत," त्या म्हणाल्या. "हा शहाणा मला फोन करून अर्धी गोळी मागतोय. बायकोला सांगू नको म्हणे."

नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी दारातून बाजूला झाले.

ताई त्याच्या पायाशी बसल्या. मग म्हणाल्या, "रोज किती जणांना देते गं मी ही गोळी. चिठ्ठीबिठ्ठी न बघता."

आम्ही त्याच्या पायांवर पांघरूण ओढलं, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने त्यांनी.

दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या शिरांतून रक्त घेतलं. पुढे बाईंचा फोन आला, तेव्हा मी खिडकीतूनच ओरडले, "ताई, वाढले! जंतू वाढले!"

"बाई गं, जंतू सापडले म्हणून कुणी नाचतं का?" खालून आवाज आला, आणि पाठोपाठ दुकानाचं शटर खाडकन खाली आलं. ताई दोन-दोन पायऱ्या चढत होत्या.

"सहा आठवडे दवाखान्यात राहून शिरेतून औषध," मी नवऱ्याला सांगितलं. "मग बहुतेक ऑपरेशन."

"सहा आठवडे? पोरांच्या परीक्षा आहेत गं!"

"पिशवी भर याची," ताई मला म्हणाल्या. "तोवर मी याचं तोंड बंद करते."