तिसऱ्या फेरीआधीची शाल

सुब्बारायुडूंचं पत्र मी वाचनालयाच्या कपाटात, शब्दकोशांच्या मागे ठेवलं होतं. हैदराबादहून आलेलं, हिंदीत लिहिलेलं. दोन वर्षं मी त्याला उत्तर दिलं नाही. काय लिहायचं ते ठाऊक होतं, आणि तेच लिहायची भीती वाटत होती.

सुब्बारायुडू मृदंगम् वाजवतात. आमच्या आर्णीच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला ते वीणावादक कामेश्वरी अम्मांच्या साथीला आले होते. मी निवृत्त ग्रंथपाल. पगार थांबला तरी सकाळी वाचनालय उघडतो मीच. चारचौघांत बोलता येत नाही म्हणून मला शाल-श्रीफळाचं ताट घेऊन स्टेजच्या कडेला उभं केलं होतं.

दुपारी चहाच्या वेळी मी सुब्बारायुडूंपुढे माझं पुस्तकी ज्ञान पाजळलं. वीणा थांबते आणि मृदंगम् एकटा वाजतो, त्याला 'तनि' म्हणतात. शेवटी एकच बोल तीनदा येतो, आणि तिसरी फेरी संपली की वीणा परत येऊन मिळते. ते खुलले. म्हणाले, "चलो, यहाँ किसी को तो मालूम है."

संध्याकाळी अम्मा तारा जुळवत होत्या, तेव्हाच मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, दुरुस्ती घरूनच करून यायची ना!" शब्द त्यांना कळले नसतील, पण हशा कळला. पुढे वीणेला लोक जांभया देत राहिले. मग तनि सुरू झाली आणि सभागृह जागं झालं. शिट्ट्या पडल्या. आमचे अध्यक्ष डोंगरसिंग मांडीवर चुकीच्या ठिकाणी थापा मारत डोलू लागले. अम्मा हाताने ताल धरून बसल्या होत्या. तो हात थांबला. मान वळवून त्या मला म्हणाल्या, "शॉल लाइए. अभी."

मला सगळं कळत होतं, तरी गेलो. बोल दोनदा होऊन गेला होता. तिसऱ्यासाठी सुब्बारायुडूंचा हात उचलला गेला आणि मी त्यांच्या खांद्यांवर शाल टाकली.

हात तसाच हवेत राहिला. अम्मांनी माइक ओढला. "यहाँ किसी को क्या मालूम! चलता है." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुब्बारायुडूंनी मृदंगमला खोळ चढवली, शाल काढून चटईवर टाकली आणि माझ्याकडे न बघता उतरून गेले.

मग ते पत्र आलं. "अम्मा कहती हैं, आप अपने आप आए. मैं कैसे मानूँ? आप तो तनि जानते थे. बस इतना लिखिए कि किसने कहा. पच्चीस बरस उनके बाजू में बैठा हूँ. जवाब आने तक नहीं बैठूँगा."

परवा डोंगरसिंग घरी आले. बसले नाहीत.

"मास्तर, बाई यंदा परत याले तयार हाय. पण थो ढोलक्या अडून बसला."

"मृदंगम्," मी म्हणालो.

"थेच थे. तुमच्या कागदाबिगर येत नाही म्हन्ते. दोन ओळी लिहून द्या. म्हना, मले समजलं नाही, म्या माह्या मनानं शाल टाकली."

"पण मला समजत होतं."

"मंग गेलते कायले?"

आतून माझी बायको विमल म्हणाली, "भाऊजी, ह्यायले कोनी जा म्हटलं का जाते हे. विहिरीत जा म्हना, तिथंबी ताट घेऊन जातीन."

डोंगरसिंग हसले नाहीत. त्यांनी अम्मांना फोन लावून माझ्या कानाला धरला.

"मास्टरजी, आप भले आदमी हैं," अम्मांचा आवाज गोड होता. "इतनी पुरानी बात आपको याद भी नहीं होगी."

"याद है."

आवाजातला गोडवा गेला. "तो सोचकर लिखिए. शॉल किसके हाथ में थी, सबने देखा है."

तेही खरंच होतं. फोन खिशात टाकत डोंगरसिंग म्हणाले, "पोस्टर छापून राह्यलो. तुमच्यापायी कार्यक्रम गेला, तर वाचनालयाची पायरी चढू देनार नाही. बसा मंग घरी भिंती वाचत."

मी लिहायला बसलो. आधी चार पानं झाली, त्यात तनीवर एक आख्खं पान. वाचून माझीच मला लाज वाटली. फाडली. मी कोण त्या दोघांच्या मध्ये पडणारा, असंही वाटलं. पण मध्ये तर मी शाल घेऊन आधीच पडलो होतो. शेवटी हिंदीत एवढंच उरलं: शाल अम्मांनी मागितली. तनि संपली नाही हे ठाऊक असून मी ती आणली. शेवटाला लिहिलं की हे पत्र त्यांनी अम्मांना खुशाल दाखवावं.

आज पोस्टासमोर डोंगरसिंगांनी मोटरसायकल आडवी घातली.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"आना इकडं. मी पोचवतो." त्यांनी हात पुढे केला. "कायचा इचार करून राह्यले? द्या."

हात पुढे आला की माझा हात आपोआप पुढे जातो. गेलाच. फक्त त्यात पाकीट नव्हतं, वाचनालयाची किल्ली होती. ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"हे काहून?" ते म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष माझ्या दुसऱ्या हाताकडे गेलं. "ओ मास्तर! पस्तावसान!"

तोवर पाकीट लाल पेटीच्या तळाशी पडलं होतं.