चावीवाल्यांचं कुलूप

"अहो, लागलंय ते! मी ओढून पाहिलं, तुम्ही ओढून पाहिलंत. आता काय शेजाऱ्यांना बोलवायचं?"

बायको जिन्याच्या चौथ्या पायरीवर खोळंबली होती. चावीवाल्यांनी कुलूप पुन्हा ओढलं. सत्ताविसाव्यांदा. लागलेलंच होतं. ते त्यांनाही कळत होतं हो, तीच तर खरी पंचाईत! हाताला कळायचं, पण तीन पायऱ्या उतरल्या की छातीत धडधड. नसेल लागलं तर?

आणि हा माणूस कोण, तर तीस वर्षं बाजारात कुलपं दुरुस्त करणारा! नुसत्या खटक्यावरून कुलपाचं दुखणं सांगायचे. वर्षभर मात्र दुकान बंद, कारण घरातून पायच निघेना. बायको कामावर गेली की हे दुपारपर्यंत जिन्यात, वर नि खाली. "काही झालेलं नाही, नसती थेरं," असं सख्खा भाऊ म्हणाला. बायकोने शेवटी मनोविकारांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. दोनदा ती वेळ अशीच हुकली. आज तिसरी, साडेअकराची.

"मी वेडा नाही गं."

"कोण म्हणतंय वेडे? गुडघा धरला तेव्हा मुकाट गेलात ना डॉक्टरकडे?"

"तू घरात थांब, मी एकटा जातो."

"मागच्या वेळी तेच केलं. मी आत बसलेली, आणि तुम्ही कोपऱ्यावरून परत! कडी लावलीस का म्हणून!"

हे सांगताना तिला हसू आलं आणि हसताहसता रडूच फुटलं. ती पायरीवर मटकन बसली. अकरा वाजून दहा झाले होते. चावीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि सरळ तिच्या पिशवीत टाकलं. दाराला नुसती कडी.

"अहो! घर उघडं टाकून?"

"उघडंय, हे पक्कं ठाऊक आहे ना मला? मग परत येऊन बघायचं काय?" घामाने त्यांचा सदरा भिजला होता. "चल लवकर. हात सोडू नकोस."

दवाखान्यात पोचले तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. "बोला काका, काय त्रास होतोय?"

चावीवाल्यांनी बायकोच्या पिशवीतून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. "यात काही बिघाड नाही," ते म्हणाले. आणि बोलताबोलता हातांनी ते दाबून लावलं, ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. पुन्हा.

बाईंनी अडवलं नाही. "दिवसातून किती वेळा बघावं लागतं, काका?"

वर्षभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. चावीवाल्यांचे डोळे भरून आले.

"आज सत्तावीस, आणि हे इथले तीन. कालचा आकडा सांगू? हसणार नाही ना?"

"नाही हसणार."

त्यांनी कुलूप बायकोच्या हातात दिलं आणि सांगायला सुरुवात केली.