न भाजलेली माती

उत्खनन करणाऱ्या बाईंनी कुंचल्याने राख झाडली, तशी थोरली पुढे सरकली.

“ही माझी चूल. अख्ख्या घराचा स्वयंपाक हिच्यावर व्हायचा.”

राखेखालची माती वर्षानुवर्षांच्या जाळाने खोलवर भाजून लाल झाली होती. बाई खूश झाल्या. वस्ती उठून गेल्यावर पडलेली घरं त्या खणत आणि तिथे नांदलेल्या माणसांनाच शेजारी बसवून विचारत. हजारो वर्षांपूर्वीच्या घरात विचारायला कोणी नसतं; तिथल्या खुणा वाचता याव्यात, म्हणून हा खटाटोप.

चूक एवढीच झाली, की दोघी जावांना त्यांनी एकाच दिवशी बोलावलं होतं. धाकटी पलीकडे पाठ करून बसली होती. मध्ये भिंत घालून तिने वेगळी चूल मांडली, तेव्हापासून दोघींत शब्द नव्हता. दिराच्या मयतालाही थोरली दारातूनच परत फिरली होती.

बाई आता पडक्या भिंतीपलीकडची चूल उकरू लागल्या. थोरली तिकडे बघायचं नाही म्हणत बघत राहिली.

“कमाल आहे,” बाई स्वतःशीच बोलल्या. “ही माती भाजलेलीच नाही. या चुलीवर फारसं काही शिजलं नसावं.”

धाकटीची पाठ ताठ झाली.

“दुसरीकडे चूल होती का तुमची?” बाईंनी सहज विचारलं.

“नव्हती.”

“मग—”

“थांबा बाई,” थोरली म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती धाकटीकडे वळून बोलली, “काहीतरीच काय! रोज भांडी वाजायची तुझी. भिंतीला कान न लावताही ऐकू यायची मला. चंगळ चाललीय म्हणून जळायचे मी.”

“रिकामीच असायची.” धाकटीने मान वळवली नाही. “ह्यांचं काम सुटलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून वाजवायचे.”

बाईंचा कुंचला हातातच राहिला. काय विचारून बसले मी, असं त्यांना झालं असावं. त्या उठून उगाच पाण्याची बाटली शोधायला गेल्या.

“पोरं लहान होती गं तुझी,” थोरलीचा आवाज चढला. “माझ्याशी वैर होतं, पोरांशी नव्हतं. एकदा हाक मारायला काय झालं होतं तुला?”

धाकटीने पदराने हातांची धूळ पुसली. पुन्हा पुसली.

“मारली होती,” ती म्हणाली.

थोरलीला ती हाक आठवत होती; आपण ओ दिली नव्हती, हेही.