झालर ओढण्याची पद्धत

मामाला लाटांपलीकडे दुसरं काही सुचत नाही, असं घरातले सगळे म्हणायचे, आणि मामाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ते खरंही होतं. मग जुन्या जेट्टीच्या खांबांवर झालर आली.

झालर हे काही तिचं शास्त्रीय नाव नव्हे. ते एक तपकिरी, पट्ट्यांसारखं समुद्री शेवाळ. कुठल्याशा जहाजाच्या तळाला चिकटून परक्या समुद्रातून आलेलं. देठाच्या बुडाशी त्याला चुण्या घातल्यासारखी जाड कड असते. बेकरीवालीने ती पाहून ‘झालर’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. वर्षभरात झालरीने खांबांवरचे शिंपले, तिथलं जुनं शेवाळ, सगळं झाकून टाकलं. सर्फरांच्या पायांना ती गुंडाळायला लागली तेव्हा मामाने सगळ्यांना गोळा केलं. “रोज पाणी फुकट वापरतो आपण,” तो म्हणाला. “आठवड्यातून दोन तास साफसफाई केली तर हात झिजणार आहेत का कुणाचे?”

तेव्हापासून दर शनिवारी वीस-बावीस जण बोर्ड घेऊन जेट्टीपाशी जमू लागले. बेकरीवाली असायची, एक वेल्डर असायचा, दात काढणारा एक डॉक्टर असायचा. मामाची भाचीही असायची. वय चोवीस, सागरी जीवशास्त्राची पदवी, किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात सहायकाची नोकरी. वजनं, मोजमापं, नोंदी तिच्याकडे. बाकीचे तिला शास्त्रज्ञबाई म्हणून चिडवायचे. मामा मात्र ‘छोटी’च म्हणायचा.

काम सोपं होतं, पण अंगमेहनतीचं. बुडी मारायची, झालर मुळासकट उपटायची, जाळीच्या पिशवीत भरायची. पिशवी भरली की जेट्टीखालच्या खडकावर टाकून पुन्हा पाण्यात. तास-दीड तासाने सगळ्या पिशव्या बोर्डांच्या मागे दोरीने बांधायच्या आणि वल्हवत, पाण्याखालच्या मधल्या खडकावरून, चारशे मीटरवरच्या बोटींच्या धक्क्यापर्यंत ओढत न्यायच्या. तिथे पालिकेची गाडी उभी असायची.

ही पिशव्या ओढायची युक्ती म्हणजे मामाचा जीव की प्राण. त्याआधी झालर जेट्टीवरून चौऱ्याण्णव पायऱ्या चढून रस्त्यावर न्यावी लागे. “ओली झालर म्हणजे मेलेला बैल,” मामा नव्या माणसाला सांगायचा. “पण पाण्यात? पाण्यात करंगळीने ओढ. डोकं लागतं राव, डोकं!” आणि स्वतःच्या टकलावर टिचकी मारायचा. येत्या रविवारी दुसऱ्या तीन किनाऱ्यांवरचे सर्फर ही पद्धत शिकायला येणार होते. मामाने त्यांच्यासाठी पंधरा नव्या पिशव्या शिवायला घेतल्या होत्या.

त्याआधीच्या मंगळवारी भाची मधल्या खडकाच्या वार्षिक पाहणीला गेली. मधला खडक स्वच्छ होता. निदान नोंदीत तरी. गेल्या वर्षीची पाहणी समुद्र खवळल्यामुळे राहून गेली होती. ती दोर धरून एकेक मीटर तपासत गेली आणि चाळिसाव्या मीटरला तिला वीतभर लांबीची कोवळी झालर दिसली. मग आणखी एक. दुपारपर्यंत अकरा सापडली.

केंद्रात येऊन तिने अकरा ठिपके नकाशावर मांडले. वाऱ्याने किंवा प्रवाहाने आलेली असती तर ती खडकभर विखुरली असती. ही एका ओळीत होती, जेट्टीपासून धक्क्यापर्यंत. ओळीच्या डावीउजवीकडे वीस-वीस मीटर काहीही नव्हतं. ओळ कशाची आहे हे ओळखायला पदवीची गरज नव्हती.

तरी तिने बुधवारी प्रयोग केला, कारण ओळखणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. दोन बरण्या घेतल्या. एकीत ताजी झालर तशीच पाण्यात ठेवली. दुसरीतली आधी तासभर उन्हात, खडकावर ठेवावी तशी, टेबलावर ठेवली आणि मग पाण्यात सोडली. पहिल्या बरणीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं. दुसऱ्या बरणीत दहा मिनिटांत झालरीच्या चुण्यांमधून धुरासारखं काहीतरी निघालं आणि पाणी फिकट तपकिरी झालं. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात बीजाणूंची नुसती झुंबड होती, प्रत्येक जण शेपटी हलवत बसायला जागा शोधत होता.

म्हणजे सुकून पुन्हा भिजलं की हे शेवाळ बी सोडतं. आणि हे सगळे जण दर शनिवारी ते आधी सुकवत होते, मग भिजवत होते, आणि भिजलेलं स्वच्छ खडकावरून सावकाश ओढत नेत होते. पेरणी याहून व्यवस्थित करता आली नसती.

पण तिला खरं टोचत होतं ते वेगळंच. ती युक्ती मामाची नव्हती. दोन वर्षांपूर्वी मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावूनही तो पिशवी घेऊन पायऱ्या चढत होता. एकसष्टाव्या पायरीवर तो बसला, तोंड पांढरं पडलेलं, आणि तिने खालून ओरडून सांगितलं, “अरे मामा, वर कशाला नेतोस? बोर्डाला बांध आणि पाण्यातून धक्क्याला ने ना!” एक वाक्य. पुढच्या शनिवारी ती मामाची युक्ती झाली होती, आणि तिला त्याचं बरंच वाटलं होतं. सुकलेल्या शेवाळाबद्दल तिने वाचलेलं होतं, पण त्या क्षणी तिला फक्त गुडघा दिसला होता.

मामाला आता काय सांगायचं? मामीच्या आजारपणानंतर, ती गेल्यावर, हे शनिवार नसते तर मामा उठला असता का, असं आई अजून म्हणायची. भाचीने विचार केला, रविवारी नुसतं सांगावं, की जाळ्या फाटतात, यापुढे झाकणाची पिंपं वापरा. कारण कशाला? दोन दिवस हा विचार तिने जिभेवर घोळवून पाहिला. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही बरण्या उचलून ती मामाच्या शेडमध्ये गेली.

मामा बोर्ड दुरुस्त करायचा. शेडमध्ये राळेचा उग्र वास, कोपऱ्यात शिवलेल्या पिशव्यांची चळत.

“आलीस? धर हे टोक,” मामा म्हणाला. “बारा झाल्या. तीन राहिल्या.”

“मामा, आधी हे बघ.”

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “एकीत पाणी, दुसरीत चहा. मला कुठला?”

“चहा नाही, बी आहे ते. सुकवून भिजवलं की असं होतं.” मग तिने अकरा ठिपक्यांचा नकाशा बरण्यांशेजारी पसरला. बोलायची गरज पडेना. मामाचं बोट जेट्टीवरून निघालं, एकेका ठिपक्यावर थांबत धक्क्यापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

“किती शनिवार?” त्याने विचारलं.

“एक्क्याण्णव.”

“मोजलेस?”

“मोजायचंच काम आहे माझं.”

मामा पालथ्या बादलीवर बसला. “माझ्या डोक्यातून निघालेली एकच गोष्ट लोकांनी उचलली रे देवा, आणि ती ही!”

“तुझ्या डोक्यातून नाही. मी सांगितलं होतं तुला, पायऱ्यांवर. गुडघा धरून बसला होतास तेव्हा.”

“काहीतरीच! त्या दिवशी मीच तुला म्हणालो…” तो थांबला. “मी म्हणालो का?”

“नाही.”

“दोन वर्षं टकलावर टिचक्या मारतोय मी. तू एकदा बोलायचंस तरी!”

“तुला आवडत होतं.”

मामा हसला नाही. त्याने एक पिशवी उचलली, जाळीत बोटं घालून ताणली. “असं करू,” तो हळू आवाजात म्हणाला. “परवा सांगू, जाळ्या फाटतात. म्हणून पिंप वापरा. यात खोटं काही नाही. फाटतातच.”

तिचाच विचार, शब्दाला शब्द. मामाच्या तोंडून ऐकताना मात्र तिला त्यातली गोम लगेच दिसली. “मग ते न फाटणारी जाळी आणतील, मामा. आणि ओढत राहतील.”

मामाने पिशवी खाली ठेवली. “जा तू. मला जरा बसू दे.” रोज तो तिला फाटकापर्यंत सोडायला यायचा. त्या दिवशी आला नाही.

शनिवारी मामाने काम रद्द केल्याचा निरोप सगळ्यांना धाडला; कारण दिलं नाही. तिचा फोन त्याने उचलला नाही.

रविवारी सकाळी धक्क्यावर पाहुणे जमले. तीन किनाऱ्यांचे मिळून अठरा जण, शिवाय शनिवारची नेहमीची मंडळी. मामा आधीच पोचला होता. त्याच्यासमोर काचेची मोठी टाकी होती आणि बाजूला फळीवर झालरीचा ढीग, सकाळच्या उन्हात ठेवलेला. भाची मागे उभी राहिली. तो काय बोलणार, तिला खरंच ठाऊक नव्हतं.

“नमस्कार,” मामा म्हणाला. “तुम्ही शिकायला आलात ती पद्धत अशी.” त्याने झालर जाळीत भरली, जाळी दोरीला बांधली आणि टाकीत सोडून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. परत ओढली. तिसऱ्या फेरीला पाण्यात धूर पसरायला लागला. पुढे बसलेले वाकून बघू लागले.

“रंग सुटतोय,” कुणीतरी म्हणालं.

“बी सुटतंय,” मामा म्हणाला. “दोन वर्षं आम्ही स्वच्छ खडकावर हे पेरलं. अकरा रोपं सापडली आहेत, न दिसणारी किती असतील ते ही शास्त्रज्ञबाई सांगेल. चूक माझी. पद्धत माझी.”

“पद्धत माझी होती,” भाची मागून म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“छोटी, मी बोलतोय ना?”

“बोल, पण बरोबर बोल. ओढायला मी सांगितलं. ओढल्याने काय होईल हे विचारायचं मला सुचलं नाही.”

“दोन वर्षं मिरवलं कुणी? मी. मग वाटा कुणाचा?”

“अहो मामा, अर्धी अर्धी घ्या!” बेकरीवाली ओरडली. थोडे जण हसले. वेल्डर हसला नाही. त्याने एक्क्याण्णवपैकी जवळजवळ सगळे शनिवार पिशव्या ओढल्या होत्या. तो उठला, टाकीपाशी जाऊन पाण्याकडे बघत राहिला आणि मग धक्क्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. मामाने त्याला हाक मारली नाही.

भाचीने पुढे येऊन बाकीचं सांगितलं. काढलेली झालर लगेच झाकणाच्या पिंपात घाला. पिंप बोटीतून न्या, नाहीतर वरच्या रस्त्याने. पुन्हा पाणी लागू देऊ नका. हातमोजे, सूट, दोऱ्या गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण सुकवा, मगच दुसऱ्या पाण्यात शिरा. बोलताना तिच्या लक्षात आलं, की मागच्या रांगेतला एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस काहीच लिहून घेत नव्हता. तो तिसऱ्या, सगळ्यांत लांबच्या किनाऱ्याचा. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा.

तिचं संपल्यावर त्याने हात वर केला. “मी उन्हाळ्यात इथे आलो होतो. एक शनिवार तुमच्याबरोबर काम केलं.”

“आठवतंय की,” मामा म्हणाला. “नळाच्या दोन तोट्या बसवून दिल्यात आम्हाला.”

“परत गेल्यावर आम्हीही सुरू केलं. अशाच जाळ्या, असंच ओढून.” त्याने ओठांवरून हात फिरवला. “दहा-बारा वेळा झालं असेल. आमच्याकडेही मध्ये खडक आहे.”

मामाने तिच्याकडे पाहिलं. शुक्रवारपासून पहिल्यांदाच. त्या नजरेत राग नव्हता, विचारणा होती. तिने घड्याळ पाहिलं, भरती-ओहोटीच्या वेळा मनात जुळवल्या.

“उन्हाळ्यापासून म्हणजे अजून रोपं बोटभरच असतील,” ती म्हणाली. “बुडाशी चुण्या धरून बी सोडायच्या आत हाताने काढता येतील. पण लवकर. उद्या दुपारी ओहोटी आहे.”

“उद्या मी मोकळा आहे,” मामा म्हणाला.

“तू तर रोज मोकळा असतोस,” ती म्हणाली, आणि त्या बुटक्या माणसासमोर वही उघडून बसली. “खडक किती खोल आहे तुमचा? ओहोटीला?”

“फार नाही. उभं राहिलं तर गळ्यापर्यंत.”

तिने लिहायला पेन टेकवलं आणि थांबली. मामा तिच्यामागे उभा होता, सहा फूट दोन इंच. समोरचा माणूस जेमतेम पाच फूट.

“कुणाच्या गळ्यापर्यंत?” तिने विचारलं.