पहिल्या पानावरचा खुनी

जळगावातल्या मेहरूणच्या वाचनालयात रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारी व्यक्ती अखेर सापडली. तिने चारचौघांत गुन्हा कबूल केला.

मित्रांनो, वरची दोन वाक्यं तुम्ही वाचलेली नाहीत. असं काही घडलेलंच नाही. कुणी विचारलं तर सांगा, आम्ही थेट खालच्या ओळीपासून सुरुवात केली.

मी एक जुनी पेन्सिल आहे. जुनी म्हणजे चौदा महिन्यांची, पण आम्हा पेन्सिलींमध्ये हे वय निवृत्तीनंतरचं समजतात. माझं एक टोक लाल आणि दुसरं निळं. निळ्याने पुस्तक दिल्याची नोंद होते. लालने उशिरा परत करणाऱ्याच्या नावापुढे फुली पडते. दोन्ही बाजूंना टोक असल्यामुळे मला पाठ नाही. म्हणून माझ्या पाठीमागे कोण काय बोलतं याची मला काळजी नसते. जे समोर गोड बोलतात, त्यांचाच संशय येतो.

कारखान्यातून निघताना डब्यात आम्ही बाराजणी होतो. वाचनालयात डबा उघडला तेव्हा अकरा निघालो. बारावी कुठे गेली, हे मी टेबलावरच्या खोडरबरला विचारलं. तो गप्प बसला. आजही गप्पच आहे. मी कोणावर आरोप करत नाही, फक्त नोंद करून ठेवते.

ग्रंथपाल समाधानभाऊंनी पहिल्याच दिवशी माझ्या कमरेला सुतळी बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. "लोकांचा काही भरवसा नाही," ते म्हणाले. जगाबद्दल मला मिळालेली ही पहिली माहिती.

टेबलावर पडल्या पडल्या मी लोकांची आवड तपासू लागले. मोटार वाइंडिंग करणारे शकीलभाई फक्त प्रेमकथा नेत. विचारलं तर म्हणत, "मोटार जळाली तर मी नवी तार गुंडाळून देतो. माणसाचं मन जळालं तर ते काम फक्त पुस्तकातच होतं, भाऊ." बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुस्कान भुताच्या गोष्टी वाचायची. "भूत शेवटी येतं तरी," ती म्हणायची. "आमचा निकाल दोन वर्षं झाली, आला नाही." यावल डेपोचे निवृत्त कंडक्टर तोतारामनाना प्रवासवर्णनं नेत. तीस वर्षं त्यांनी रोज प्रवास केला होता. यावल ते जळगाव, जळगाव ते यावल. आता त्यांना तिसरं गाव बघायचं होतं.

आणि रहस्यकथा नेत सुगनअक्का. डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, वय बहात्तर, बोटांना कायम बडीशेपेचा वास. "पुढे काय होणार ते घरात सगळे मला आधीच ठरवून सांगतात," त्या एकदा म्हणाल्या. "लग्नाचंही तसंच, ऑपरेशनचंही तसंच. या कपाटापुढे मात्र कोणी काही सांगत नाही. माझं मी शोधते."

दिवाळीनंतर त्या कपाटातल्या पुस्तकांवर लाल अक्षरं उमटू लागली. "खुनी : माळी." "खुनी : डॉक्टर." "खुनी : मोठी सून." वाचक पुस्तक उघडत, चेहरा पाडत आणि परत ठेवून देत.

समाधानभाऊंनी सगळ्यांवर संशय घेतला. तोतारामनानांवर जरा जास्त, कारण कंडक्टरला कागदावर खुणा करायची सवय असते. नाना भडकले.

"बठ्ठा चोर शेतस, आन मीच दिसनू का तुले?" त्यांच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळेच. माझंही मत तेच होतं.

माझ्या दहा बहिणी खणात कुलूपबंद; बाहेर लाल पेन्सिल एकच, आणि ती टेबलाला बांधलेली. म्हणजे गुन्हा समाधानभाऊंच्याच टेबलावर घडत होता, रोज चार वाजता, ते चहाला गेले की. मला सगळं ठाऊक होतं. बडीशेपेचा वास विसरता येत नाही. पण साक्षीदार म्हणून पेन्सिलीला कोणी बोलवत नाही. शिवाय लिहिलेलं नाव खरं की खोटं, हे मलाही माहीत नव्हतं. माझं काम पहिल्याच पानावर संपत होतं.

तीन महिने त्या कपाटातलं एकही पुस्तक सुगनअक्कांशिवाय कोणी नेलं नाही. मग समितीचे अध्यक्ष प्रेमराजशेठ आले, कपाटाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे महिनाअखेर रद्दीत द्या. इथे परीक्षावाल्या मुलांसाठी दोन टेबलं बसतील."

सुगनअक्का तिथेच उभ्या होत्या. त्यांनी कपाटाच्या काचेवर हात ठेवला. त्या दिवशी चार वाजता त्यांनी मला हातही लावला नाही. मला संशय आला.

चार दिवसांनी शकीलभाई तणतणत आले. "समाधानभाऊ, हे काय दिलं? मुखपृष्ठावर छत्रीखाली जोडपं आहे, म्हणून प्रेमकथा समजून नेली. दोनशे पानं झाली, कोणी कोणाला आवडलंच नाही!"

"अहो, ती रहस्यकथा आहे. पहिलं पान उघडून बघितलं नाही का? लिहिलंय ना, खुनी माळी."

"माळी? तो बिचारा तर चाळिसाव्या पानावर मरतो!"

मुस्कानने हातातलं भूत खाली ठेवलं. "म्हणजे डॉक्टरही खोटा असेल?"

मित्रांनो, त्या क्षणी सगळे कपाटाकडे धावले. वाचायला नव्हे, तपासायला. नाव खरं आहे की खोटं, हे कळायला शेवटच्या पानापर्यंत जावंच लागतं. आठवडाभरात कपाट अर्धं रिकामं झालं. प्रेमराजशेठही दोन पुस्तकं घेऊन गेले, "कार्यालयीन चौकशीसाठी." रद्दीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझं निळं टोक नोंदी करून करून बोथट झालं.

पुढच्या सोमवारी सुगनअक्का आल्या. त्यांचं अर्धवट राहिलेलं पुस्तकही बाहेर गेलं होतं आणि त्यासाठी आठ जण रांगेत होते.

"अरे, पण नेऊन काय करतात?" त्या चिडल्या. "डॉक्टरने मारलं म्हणून लिहिलंय ना त्यावर!"

"आता कोणी मानत नाही, अक्का," समाधानभाऊ म्हणाले. "कदाचित ते खोटं असेल."

"कदाचित काय? खोटंच आहे! मीच तर लिहिलं!"

तोतारामनानांनी मान हलवली. विनातिकीट प्रवासी सापडल्यावर ते पूर्वी हलवत असतील तशीच.

"तुम्ही म्हणता सात दिवसांत परत करा," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "या डोळ्यांना एका पुस्तकाला महिना लागतो. दुसऱ्या कोणी मागितलं नाही, तर तेच पुन्हा माझ्या नावावर चढतं. म्हणून लिहिलं."

"पण त्यापायीच तर कपाट रद्दीत चाललं होतं, अक्का!"

"कळलं ना मला. म्हणून छत्रीवालं पुस्तक शकीलच्या हातात मीच दिलं, छान प्रेमकथा आहे म्हणून. वाटलं, दोघं-तिघं नेतील, कपाट टिकेल. तुम्ही तर पंगतीला बसल्यासारखे तुटून पडलात."

समितीची तातडीची बैठक झाली. गुन्हेगार सापडला हे बाहेर कळलं, तर लिहिणं थांबेल. लिहिणं थांबलं, तर तपासणंही थांबेल. म्हणजे कपाट पुन्हा रद्दीत. सबब कोणी सापडलं नाही आणि कोणी काही कबूल केलं नाही, असं एकमताने ठरलं. खोडरबरनेही विरोध केला नाही.

आता नवी रहस्यकथा आली की आधी महिनाभर अक्कांकडे जाते. रजिस्टरात कारण लिहितात, "पडताळणी." परत आली की समाधानभाऊ चहाला जातात, वेळ झालेली नसली तरी. अक्का कधीकधी खरं नावही लिहून टाकतात. तेव्हा तर कोणाचाच विश्वास बसत नाही.

मित्रांनो, पुस्तकांवर कधीही लिहू नका. हे तुम्हाला कोण सांगतंय, याचाही जरा संशय घ्या. मी मात्र दोन्हीकडून झिजत चालले आहे. लाल टोक आता करंगळीच्या नखाएवढं उरलं आहे. म्हणून हा अर्ज.

प्रति, मा. अध्यक्ष, वाचनालय समिती, मेहरूण.

विषय : शेवटचे पान मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार पेन्सिल आपल्या सेवेत असून तिने आजवर एकोणसाठ खुन्यांची नावे लिहिली आहेत. पैकी एकही खुनी तिने प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तरी लाल टोक संपण्यापूर्वी तिची सुतळी सोडून तिला कोणत्याही एका रहस्यकथेच्या शेवटच्या पानात, फक्त एका रविवारपुरते, खूण म्हणून ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती. अर्जदार पळून जाणार नाही, याची हमी खोडरबर देईल. तो गप्प आहे, म्हणजे त्याची हरकत नसावी.