खोट्या पोटाला मिळालेलं बक्षीस

मी एका राणीचा झगा बोलतोय. खऱ्या राणीचा नव्हे, टीव्हीवरच्या. तीनशे वर्षांपूर्वीच्या अ‍ॅन राणीवर मालिका निघाली, तेव्हा लंडनमधल्या एका शिवणखान्यात माझा जन्म झाला. बाहेरून निळं रेशीम आणि रुपेरी जर, आतून स्वस्त सुती अस्तर. या धंद्यात जे कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यावर कोणी खर्च करत नाही.

मला बेतलं डिलिस प्रोबर्टने. वेल्सची, साठीची, तोंडात टाचण्या धरून बोलणारी बाई. असे झगे आज एकीच्या अंगावर, उद्या दुसरीच्या. म्हणून तिने माझ्या शिवणींत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली.

अ‍ॅन म्हणजे सतरा वेळा गरोदर राहिलेली आणि एकही मूल हाती न उरलेली बाई. ही भूमिका हेस्टर कॉलिंग्जला मिळाली होती. आयुष्यभर दासी आणि नर्सची कामं केल्यावर तिला मिळालेलं हे पहिलंच मोठं काम. गरोदरपणाच्या प्रसंगांसाठी कापूस भरलेलं एक खोटं पोट होतं. ते आधी बांधायचं, मग वरून मला चढवायचं.

एका सकाळी मी हेस्टरला होईना. डिलिसने दोन्ही कडा ओढून पाहिल्या.

"चहाबरोबरचा केक जरा आवर, पोरी."

हेस्टर हसली नाही. डिलिसने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"कितवा महिना?"

"चौथा. निर्मात्याला कळलं तर उद्या माझ्या जागी दुसरी उभी असेल. म्हणतील, विमा कंपनी गरोदर नटीची जोखीम घेत नाही."

"मग त्याला सांगतंय कोण?"

त्या दिवसापासून माझी माया थोडी थोडी उसवत गेली. खोट्या पोटातला कापूस कमी होत गेला आणि शेवटी ते खुंटीवरच राहिलं.

मार्कस लॅम आमचा निर्माता. चित्रित झालेलं बघून तो तरातरा शिवणखान्यात आला.

"डिलिस, हे पोट साफ खोटं वाटतंय! गरोदर बाई कधी पाहिली नाहीस का?"

"तीन लेकरं झालीत मला. तुम्हाला किती?"

"कापूस वाढव!"

डिलिसने मान डोलावली आणि काहीही केलं नाही. हेस्टरने हसू दाबलं, पण मला ते आतून जाणवलं.

पुढे राणीचं मूल पोटातच दगावतं तो प्रसंग आला. हेस्टर पलंगावर पडून पोट धरून होती. तेवढ्यात आतून लाथ बसली. ती संवाद विसरली, नुसती पोटाकडे बघत राहिली. जिवंत मुलाची लाथ खात मेलेल्या मुलासाठी रडणं म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं. कॅमेऱ्याने ते टिपलं. पण रेशीम हललेलं मार्कसनेही पाहिलं. कापूस लाथ मारत नाही, एवढं त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी हेस्टर नव्हती. तिच्या 'काळजीपोटी' हा निर्णय घेतल्याचं पत्रक निघालं. काळजी! गरोदर बाईच्या दुःखावर मालिका काढायची आणि खरी गरोदर बाई समोर आली की तिला दार दाखवायचं! तिची दृश्यं मात्र फेकली नाहीत. संगणकावर चेहरा नव्या नटीचा लावला, पोट हेस्टरचं ठेवलं. नामावलीत तिचं नाव नाही. वर्षअखेरीला आमच्या मालिकेला 'हुबेहूब कृत्रिम पोटा'बद्दल बक्षीस मिळालं. ते घ्यायला मार्कस स्वतः व्यासपीठावर गेला. डिलिस गेली नाही.

आज मी एका प्रदर्शनात काचेआड उभा आहे, पोटात कापूस भरून. पायाशी पाटी आहे. तिच्यावर नव्या नटीचं नाव आणि त्या बक्षिसाचं कौतुक. गेल्या महिन्यात हेस्टर आली होती. सोबत शाळकरी मुलगी. मुलीने पाटी मोठ्याने वाचली.

"आई, हे पोट खोटं होतं?"

"नाही गं. आत तू होतीस."

"मग बक्षीस त्या माणसाला का दिलं?"

हेस्टरने तिचा हात धरला. "टॅम्सिन, चल," एवढंच म्हणाली. मुलगी वळून वळून माझ्याकडे बघत होती.

लोकहो, मला काचेबाहेर काढू नका. मला पुन्हा कोणी घालावं अशीही इच्छा उरलेली नाही. फक्त ती पाटी बदला. तिथे हेस्टर कॉलिंग्ज हे नाव लिहा. आणि खाली टॅम्सिनचंही लिहा. लाथ तिने मारली होती.