पिवळीला न मावलेलं घर

मित्रांनो, मी एक जुनं, मोडकं लाकडी घर आहे. माणसाचं नव्हे, कुत्र्याचं. कुणी मला खुराडं म्हणतं, कुणी पेटी म्हणतं, आणि एका शहाण्याने तर देव्हारा समजून लांबूनच हात जोडले होते. मला मागची भिंत नाही, छप्पर नाही, एक पाय लंगडा आहे. त्याचं मला दुःख नाही. मला राग आहे. इतकी वर्षं झाली तरी तो निवलेला नाही आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, आज माझ्याकडून गोडगोड काही ऐकायला मिळणार नाही.

माझा जन्म नगरचा. साल बेचाळीस असेल. महायुद्ध चालू होतं आणि नगरच्या लष्करी छावणीत गोऱ्या साहेबांची नुसती वर्दळ होती. छावणीजवळ नूरुद्दीन मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. एका साहेबाने त्यांना सांगितलं, माझ्या कुत्र्यासाठी बाहेर अंगणात ठेवायचं एक घर करून द्या. मिस्त्रींनी काय करावं? रंधा नाही, करवत नाही, नुसती एक सुतळी खिशात टाकून ते बंगल्यावर गेले आणि व्हरांड्यात बसून राहिले. कुत्रं इकडून तिकडे उड्या मारत होतं. मिस्त्री ढिम्म. शेवटी दुपारी कुत्रं पाय ताणून झोपलं, तेव्हा त्यांनी हलक्या हाताने सुतळी लावली, गाठी मारल्या आणि घरी आले.

त्यांच्या बायकोला, खुर्शीदबींना, ही बातमी आधीच पोचली होती. "दिवसभर म्हणे साहेबाच्या कुत्र्याच्या उशाशी बसला होतात? माझ्या उशाशी कधी बसलात का?"

"तू उठून भांडतेस," मिस्त्री हसून म्हणाले. "अगं, उभ्या कुत्र्याचं माप खोटं. झोपलेल्याचं खरं."

लष्करी खोक्यांच्या देवदारी फळ्या त्यांनी रंधून रंधून गुळगुळीत केल्या. सांधे असे बसवले की घोडा नाचला तरी हलू नयेत. ओल लागू नये म्हणून चार आखूड पाय दिले. वारा थेट अंगावर येऊ नये म्हणून दार मधोमध न ठेवता एका कडेला काढलं. वरून हिरवा रंग दिला. साहेबाचं कुत्रं आखूड पायांचं, एवढंसं. ते आत येऊन गोल वळायचं, मुटकुळं करून झोपायचं, आणि थंडीतही मी त्याच्या श्वासाने उबदार व्हायचो. पाच वर्षं मी सुखात काढली. येणारा-जाणारा थांबून मिस्त्रींचं नाव विचारायचा. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी थोडा फुगलोही होतो.

मग सत्तेचाळीस साल आलं. साहेब निघून गेला, कुत्र्यांना घेऊन गेला, आणि बंगल्यातलं सामान लिलावासाठी अंगणात मांडलं गेलं. खुर्च्या, पेट्या, आरसे आणि आम्ही कुत्र्यांची दोन घरं. एक मी. दुसरं बाभळीच्या लाकडाचं, ओबडधोबड, वर गवताचं छप्पर. ते साहेबाच्या दुसऱ्या, शिकारी कुत्र्याचं होतं, आणि माझ्या दुप्पट मोठं.

तिथे आले राधाकृष्णराव. जामखेडकडच्या एका गावचे मोठे शेतकरी. लढाईच्या काळात लष्कराच्या जनावरांना कडबा पुरवून गबर झालेले. पैसा आला होता, आता तो लोकांना दिसायला हवा होता. माझ्यापुढे येऊन त्यांनी काठीने माझ्या छपरावर टकटक केलं. मला तेव्हाच तो माणूस आवडला नाही.

नूरुद्दीन मिस्त्रीही जुनं लाकूड बघायला आले होते. राधाकृष्णराव त्यांना म्हणाले, "मिस्त्री, ह्यो हिरवा बंगला लई झ्याक हाय. आमच्या पिवळीला न्यावा म्हंतो."

"माझ्याच हातचा आहे, शेठ. पण तुमची पिवळी केवढी?"

राधाकृष्णरावांनी हात मांडीपर्यंत वर नेला. मिस्त्रींनी मान हलवली. "मग हे नका नेऊ. ते बाभळीचं न्या. दिसायला रांगडं आहे, पण आत ती पाय ताणून झोपेल, उठून वळेल. आणि तुमच्याकडच्या उन्हात गवताचं छप्परच बरं. तेही नको असेल तर मी गावी येतो, ती झोपली की माप घेतो, नवं करून देतो."

"कुत्रीचं माप?" राधाकृष्णराव खदाखदा हसले. "लेकीच्या लग्नात शिंप्यानं माजं माप धड घ्येतलं न्हाई, अन् तुमी कुत्रीचं घ्येनार व्हय? अवो, गवताचं खोपाट तर माज्या सालगड्याचंबी हाय. माज्या दारात साहेबी वस्तू पायजे!"

झाली माझी निवड. आता तुम्हीच सांगा, घर निवडलं कुणी? ज्याला त्यात राहायचं नव्हतं त्याने. निवडलं कुणासाठी? रस्त्याने जाणाऱ्यांसाठी. जिला आयुष्य काढायचं होतं ती तिकडे गावात कडुलिंबाखाली झोपली होती, आणि तिला कुणी विचारलंही नाही.

गावात माझं स्वागत काय वर्णावं! नारळ फोडला, गुलाल टाकला. राधाकृष्णरावांनी रंगाऱ्याला बोलावून माझ्या दारावर पाटी रंगवून अडकवली, आणि तीही स्वतःच्या नावाची. एवढ्यावर भागलं नाही. माझं फळ्यांचं छप्पर लांबून चमकत नव्हतं, म्हणून त्यावर नवाकोरा पत्रा ठोकला. मिस्त्रींच्या कामावर तो पहिला खिळा पडला तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, सांगून पाहिलं. "अवं, मागं लिंबाखाली ठिवा की. पिवळीची जागा तिथंच हाय."

"लिंबाखाली कोन बघनार? वट्ट्याम्होरं ऱ्हाऊ दे."

ओट्यासमोर म्हणजे भर उन्हात. पिवळी आजवर कधी बांधलेली नव्हती. खळ्यावर राखण करायची, बांधाबांधाने हिंडायची, दुपारी कडुलिंबाखाली पाय पसरून झोपायची. धनगरी वळणाची थोराड कुत्री ती. तिला माझ्या दारात ढकललं. डोकं गेलं, खांदे घासून गेले, अंग कसंबसं आत आलं. पण तिला वळता येईना. बाहेर पडायचं तर मागच्या मागे सरकत. दुसऱ्या दिवशी ती आत जायला तयार होईना, तर राधाकृष्णरावांनी साखळी आणली. आखूड साखळी. "सवय लागंल," म्हणाले. बघता बघता सगळ्यांनाच तिला बांधलेली बघायची सवय लागली.

चैत्र सरता सरता पिवळी व्याली. साखळीच्या टप्प्यात सावली म्हणून एकच होती, माझ्या पोटातली, म्हणून ती माझ्यातच व्याली. पाच पिल्लं. आणि मग गावची रीत सुरू झाली. कुत्री व्याली की पोरं घरोघर फिरून पीठ-गूळ गोळा करतात आणि बाळंतिणीला शिरा करून घालतात. चांगली रीत आहे, मी नाव ठेवत नाही. शिऱ्याने भरलेली परात माझ्यासमोर आली. अख्खी आळी गोळा झाली. बाया म्हणाल्या, नशीबवान गं बाई कुत्री, साहेबाच्या घरात बाळंत झाली! राधाकृष्णराव मिशीवर हात फिरवत उभे होते.

पण माझ्या पत्र्यावर कुणी हात ठेवून पाहिला नाही हो! वर तवा तापला होता, आत पाच जीव भाजत होते. शिरा आला, पाण्याची वाटी नाही आली. दार कडेला असल्याने आत अंधार, म्हणून वाकूनही कुणी बघितलं नाही. शिऱ्याच्या वासाने पिवळी मागे सरकत बाहेर आली, आणि येताना तिच्याच पायाखाली तिचं एक पिल्लू सापडलं. आई ती. तिचा काय दोष? वळायला जागाच नव्हती. दुसऱ्या दुपारी दुसरं पिल्लू उन्हाने गेलं.

शेजारच्या म्हाताऱ्या कडूबाईंनी ती दोन पिल्लं पुरली आणि थेट ओट्यावर गेल्या. "राधाकिस्ना, सोड रं तिला. घर कुत्रीचं हाय का तुजं?"

"आजी, बेस्तरवारी व्याही येनार हायती. त्यांनी बघितलं की सोडतो. दोन दिसांनी काय व्हतंय?"

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. ऐकून त्या आत निघून गेल्या. माझा त्यांच्यावरही राग आहे, लपवत नाही. तिसऱ्या दुपारी त्या चोरून पाण्याचं भगुणं ठेवून गेल्या, पण साखळीला त्यांनी हात लावला नाही. नवऱ्याच्या मानाला धक्का नको म्हणून.

गुरुवारी व्याही आले. ऐन दुपारी सगळे ओट्यावर बसले. राधाकृष्णराव काठीने माझ्याकडे दाखवत होते. "खास नगरच्या साहेबाचं हाय. आमची कुत्रीसुदिक बंगल्यात ऱ्हाती!" व्याही माना डोलावत होते. आत तीन पिल्लं तोंड उघडून धापा टाकत होती, पिवळी जीभ लोंबवून त्यांच्यावर अंगाची सावली धरून उभी होती, तीही वाकून, कारण ताठ उभं राहायला उंची नव्हती. एका पिल्लाने बारीक कुंई केलं. आवाज फार मोठा नव्हता. पण मनकर्णाबाई पाहुण्यांना सरबत द्यायला नेमक्या बाहेर आल्या होत्या, आणि त्यांनी तो ऐकला.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. परसात गेल्या आणि कुऱ्हाड घेऊन आल्या. पदर खोचला आणि माझ्या मागच्या भिंतीवर पहिला घाव घातला.

"अगं, खुळी का काय तू? पाव्हनं बसल्यात!" राधाकृष्णराव ओरडले.

"बसू द्या. बघायलाच आल्यात न्हवं? बघू द्या त्यास्नी!"

मित्रांनो, त्या घावाने मला दुखलं नाही. उलट माझ्या मजबुतीची मला शरम वाटली. मिस्त्रींनी इतक्या प्रेमाने जोडलेले सांधे सुटता सुटेनात. घाव वर घाव पडत होते आणि मी आतल्या आत ओरडत होतो, अगं, सांध्यात मार, फळीवर मारू नकोस! कडूबाई धावत आल्या आणि त्यांनी साखळी सोडली. सातव्या-आठव्या घावाला भिंत फुटली. मनकर्णाबाईंनी आत हात घातला, पत्र्याची कड लागून मनगट पोळलं, तरी एकेक करून तिन्ही पिल्लं बाहेर काढली. ओंजळीने त्यांच्या अंगावर पाणी शिंपडलं. दोघं हलली. तिसरं बराच वेळ हललं नाही. मग त्याने हळूच पाय झाडला.

राधाकृष्णरावांनीही खाली येऊन काहीतरी उचललं. त्यांच्या नावाची पाटी. घावांच्या हादऱ्याने ती दारावरून खाली पडली होती. व्याह्यांनी ते बघितलं आणि सरबताचा पेला न पिताच खाली ठेवला. राधाकृष्णरावांची मान वर होईना.

"घर मोडलंस तू माजं," ते एवढंच म्हणाले.

"तुमचंच हुतं म्हनून मोडलं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

पिवळी तोंडात एकेक पिल्लू धरून कडुलिंबाखाली गेली. तिन्ही जगली, पुढे खळ्यावर राखणीला लागली. पोरांनी मला नंतर ओढत तिच्याजवळ नेऊन ठेवलं, त्या ओढाताणीत छप्पर निखळलं, एक पाय लंगडा झाला, पण ती माझ्या दारात पुन्हा कधी आली नाही. मी तिला नावं ठेवत नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

आता तुमच्याकडे वळतो. ऐकताना तुमचे डोळे भरले असतील. मला त्या पाण्याचा उपयोग नाही. शिरा घालणाऱ्यांचेही डोळे कौतुकाने भरले होते, आणि साखळी सोडायला गावातून एकच म्हातारी आली. तुमच्या दारात, तुमच्या शेजाऱ्याच्या दारात, या उन्हात कुणी आखूड साखळीला बांधलेलं आहे का? मग माझ्या तोंडाकडे काय बघत बसलात? उठा. आधी त्याला सोडून या.